तळटीप दोनशे बारा

सेतुबालच्या त्या गल्लीतला सार्डिन भाजल्याचा वास
तिसऱ्या मजल्यापर्यंत माझ्याबरोबर जिना चढून आला.
पिशवीत टेपरेकॉर्डर, फुटपट्टी, दोन किलो संत्री,
आणि तीन वर्षांत सातशे पानांवर गेलेलं
एक पुस्तक, ज्याला अजून शेवट नाही.

लिस्बनहून संपादक वाश्कू लेंकाश्त्र फोनवर म्हणतो,
बटणांवर सातशे पानं?
अख्ख्या शर्टाला सात पुरतात.
मी म्हणते, जरा कळ काढ.

मापं मला ठाऊक आहेत.
कुठल्या यंत्राची कळ किती मिलिमीटर खाली जायची,
कुठल्या यंत्रावर एकचा आकडाच नव्हता
आणि लोक त्याच्या जागी छोटा एल मारून
खुशाल हिशेब लिहायचे.
ते सरकारी फर्मानही जवळजवळ पाठ आहे,
ज्यानं तीसच्या दशकात वरच्या रांगेत बसवली
एच, सी, ई, एस, ए, आर
आणि बजावलं,
आजपासून बोटांनी याच वाटेनं चालायचं.
कुणाच्या डोक्यातून निघालं, का,
ते शोधायला गेले तर हाती लागली
सह्यांची वेलबुट्टी
आणि एका फायलीवर कॉफीच्या कपाचा गोल.

एर्मेलिंदाबाई खिडकीपाशी बसलेल्या. वय एक्याण्णव.
"आता विचारून उपयोग नाही," भाची फिर्मिना म्हणाली,
"आधी नवऱ्याचं नाव गेलं, मग रस्त्याचं, मग माझं.
संत्री मात्र ओळखतात."

मी टेपरेकॉर्डर काढलाच नाही.
संत्रं सोललं.
त्यांनी दोन फोडी खाल्ल्या, हात पुसले नीट,
एकेक बोट,
आणि टेबलावरच्या मेणकापडावर दोन्ही हात टेकवले,
उन्हाचा चौकोन बघून मांजर बसते तसे.

मग टेबल वाजायला लागलं.
डावी करंगळी, उजवी तर्जनी, अंगठा,
ओळ संपली की डावा हात उचलला जाई,
हवेतलं काहीतरी जड उजवीकडे ढकलून
जागेवर येई.
"रोजचंच आहे," फिर्मिना म्हणाली. "चाळा."

नकाशा माझ्या वहीत होताच.
त्यांची बोटं तिथे पडत, तिथे मी बोट ठेवत गेले.
हुकलं. पुन्हा धरलं.
तिसऱ्या खेपेला अक्षरं हाताला लागली:
माननीय महोदय,
आपल्या पत्रास अनुसरून
तेलातील सार्डिन, चाळीस पेट्या,
टोमॅटोतील, पंचवीस,
डबे चेपलेले निघाल्यास कळवावे.

कबूल करते, मला प्रेमपत्र हवं होतं.
प्रकरण छान संपलं असतं.

तारीख घालताना एकच्या जागी त्यांनी एल मारला.
मी मोठ्यानं हसले. त्याही हसल्या,
न कळता, किंवा कळूनच.
आणि एकदम बोट थबकलं.
एक घर मागे आलं,
त्याच जागी पुन्हा आपटलं, जरा जोरात.
पन्नास वर्षांपूर्वी कुलूप लागलेल्या कारखान्यात
एक अक्षर चुकलं होतं
आणि ते तसंच पाठवणं
त्यांच्या हाताला मंजूर नव्हतं.

निघताना जिन्यात फिर्मिनानं विचारलं,
"काही मिळालं का कामाचं?"
मला उत्तर देता आलं नाही.
संत्र्यांचं मात्र म्हटलं, पुन्हा आणीन.

रात्री लिहिलं:
दोनशे बारा. एर्मेलिंदाबाईंशी संभाषण,
सेतुबाल. ध्वनिमुद्रण नाही.

वाश्कूनं त्यावर लाल रेघ मारून पाठवली.
संभाषण म्हणजे? बोलल्या काय?
चाळीस पेट्या, मी म्हटलं, तेलातल्या.
आणि पुरावा?

मेणकापडावरची फुलं
आठ ठिकाणी पार पुसली गेली आहेत, वाश्कू,
चार डावीकडे, चार उजवीकडे.
मी फुटपट्टी लावून आले आहे.
दोन ठिपक्यांमधलं अंतर एकोणीस मिलिमीटर.